सव्वादोनचं माप

नवसाबाईचा हात एके काळी सव्वादोनच्या मापाचा होता, आणि या हाताचा तिला जेवढा अभिमान होता तेवढा मळ्याचाही नव्हता, नवऱ्याचा तर मुळीच नव्हता. रोज खुरपं चालवणाऱ्या, पाटाचं पाणी वळवणाऱ्या माळ्याच्या बाईचा हात असा शाळकरी मुलीसारखा लहान आणि मऊ राहावा, हे नवलच होतं. कासारीण लंकाबाई संक्रांतीच्या आधी टोपलं घेऊन मळ्यात आली की पहिला हात नवसाबाईचा धरायची. "बाकीच्यांचे हात भरताना माझा घाम निघतो," ती म्हणायची, "ह्या बाईला बांगडी भरायची म्हंजी लोण्यातून सुरी फिरवायची." हे ऐकून नवसाबाई उगाच पदर सारखा करायची, आणि शेजारी बसलेली तिची मुलगी सुवर्णा आपले इवलेसे हात पुढे करून म्हणायची, "आता माझा."

ही नव्वदच्या सुमाराची गोष्ट. त्यांचा मळा मखमलाबादला, आणि तेव्हा मखमलाबाद म्हणजे नाशिक नव्हतं. नाशिकला निघालेला माणूस 'गावात चाललो' म्हणून सांगायचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलाब, शेवंती, झेंडू आणि निशिगंध. आता त्या जागी इमारती झाल्या आहेत, आणि त्यांची नावं गुलाबबाग आणि फुलराणी. ज्याला गाडायचं त्याचंच नाव दारावर लावायचं, ही बिल्डर लोकांची रीत काही औरच आहे. पण सुवर्णाला अजूनही त्या रस्त्याने जाताना ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फुलांचा वास येतो. वडील सावळीराम, म्हणजे नाना, पहाटे सायकलला गोण्या बांधून सराफ बाजारातल्या फुलबाजारात जायचे, आणि मागे उरलेल्या फुलांचे आई हार करायची. तिची सुई कधी फुलात शिरली आणि कधी बाहेर आली हे सुवर्णाला कधीच दिसलं नाही. ती बघत बसायची, आणि बघता बघता हार पूर्ण व्हायचा.

सुवर्णा अकरा वर्षांची असताना एका संक्रांतीला हे सगळं थांबलं. त्या थंडीत नवसाबाईची बोटं पाण्यात घातली की पांढरीफटक पडायची, मग निळी. थंडीच आहे, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. लंकाबाई आली, तिने नेहमीसारखा हात दाबून अंगठा आत वळवला आणि बांगडी सरकवली. बांगडी कट्कन गेली.

"वाढली गं बाई," लंकाबाई म्हणाली. बांगडी फुटली असं सवाशिणीसमोर म्हणायचं नसतं. तिने दुसरी घेतली. तीही वाढली. मग मात्र तिने हात उलटा केला, पाठीवरची कातडी चिमटीत धरायला गेली, तर चिमटीत कातडी येईचना. "नवसाबाई, हात असा ताठ कशानं झाला? हे तर डफावानी वाजल."

लंकाबाईने टोपल्याच्या तळातून मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या. "पावणेतीनच्या घाल. आरामात जातील."

"पावणेतीन? त्या आमच्या म्हशीच्या शिंगात घाल," नवसाबाई म्हणाली आणि उठून आत गेली.

त्यानंतर तिने काचेची बांगडी भरलीच नाही. मनगटात पूर्वीच्या दोन पाटल्या होत्या, त्या आता निघतही नव्हत्या, त्यांच्यावरच सवाशिणीचं मनगट निभावलं. बोटं हळूहळू आकडीसारखी वळली, कातडी ताणून चकाकायला लागली, सुई धरता येईना. नाना तिला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे डॉक्टरांनी दंडाची मसुराच्या डाळीएवढी कातडी कापून घेतली, बाटलीत टाकली आणि "रिपोर्ट आल्यावर सांगू" म्हणाले. नाना दोनदा जाऊन आले. एकदा साहेब रजेवर होते, एकदा साहेब बदलून गेले होते. हातात पडलं ते एक मलम. नवसाबाईने ते वर्षभर चोळलं आणि मग डबी धुऊन तिच्यात हळद-कुंकू ठेवलं.

कारण त्या घरात काच किंवा डबी टाकायची पद्धत नव्हती. हॉर्लिक्सची बाटली आली की रिकामी व्हायच्या आधीच तिचं पुढचं आयुष्य ठरलेलं असायचं. राखेने घासायची, गरम पाण्याने विसळायची, उन्हात पालथी घालायची. आईचे हात गेले तसं हे काम सुवर्णाकडे आलं, आणि तिच्या हाडीमांसी मुरलं.

सुवर्णाने फार्मसीला प्रवेश घेतला तो आईच्या हातामुळेच. दुसऱ्या वर्षाला एका जाडजूड पुस्तकात तिला तो हात सापडला. आकडी झालेली बोटं, चकाकती कातडी, खाली नाव : स्क्लेरोडर्मा. रोग आटोक्यात ठेवायला काही गोळ्या होत्या, पण ताठलेली कातडी पुन्हा मऊ करणारं औषध नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. तिने पुस्तक मिटलं. डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करून दिल्या, पण नाव आईला सांगितलं नाही. आई कधी विचारायची, "काय लिव्हलंय गं तुझ्या बुकात माझ्या हाताचं?" तर ती म्हणायची, "चाललाय शोध."

आणि खरोखरच शोध चालला होता, तोही नाशकातच. शिक्षण संपवून २००६ साली ती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत लागली. मालक गायधनी सर. त्यांनी कर्ज काढून एक यंत्र आणलं होतं : मास स्पेक्ट्रोमीटर. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. तो एक काटाच. फुलबाजारातला काटा टोपली तोलतो, हा एकेक रेणू तोलतो, आणि हजार रेणूंच्या गर्दीतून आपल्याला हवा तो वजनावरून हुडकून काढतो. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचा हार चढायचा, आणि हार अर्थात सुवर्णाच्या मळ्यातला.

दुसऱ्या वर्षी परदेशातल्या एका विद्यापीठाचं काम आलं. सरांनी कागद तिच्यासमोर ठेवले आणि सुवर्णाने ते उभ्याउभ्याच वाचून काढले. कातडीच्या पेशींना नवा निरोप द्यायचा असेल तर त्यांच्यात जनुक पोचवावं लागतं. एरवी हे काम माणसाळवलेल्या विषाणूंकडून करून घेतात, पण विषाणू म्हटलं की भानगडी आल्या. या मंडळींनी विषाणू वगळून साबणासारखा एक रेणू बनवला होता. त्याला दोन डोकी, दोन शेपट्या. जनुकाला मिठी मारायची आणि कातडीतून आत घेऊन जायचं, एवढंच त्याचं काम. तो मलमात घालून वरून चोळायचा. कुठल्या रोगासाठी, तर कातडी ताठ करणाऱ्या त्याच रोगासाठी. आणि अंबडच्या प्रयोगशाळेने सांगायचं होतं की हा रेणू कातडीत किती खोल पोचतो.

कातडी डुकराच्या कानाची. माणसाच्या कातडीशी तिचं बरंच जुळतं. आता गायधनी सर सोवळ्यातले, सुवर्णाच्या घरी गळ्यात तुळशीची माळ, आणि मल्हारी नावाचा मदतनीस खंडोबाचा भक्त. तिघांनी मिळून डुकराचे कान हाताळायचे म्हणजे देवांचीच परीक्षा. सर डबा खायला गच्चीवर जायचे. सुवर्णा घरी आल्याबरोबर मागच्या न्हाणीत आंघोळ करायची. कुठल्या जनावराची कातडी, हे तिने घरात सांगितलं नव्हतं.

काम मात्र तिला कांदा सोलण्यासारखं वाटायचं. कातडीवर मलम लावायचं, काही तासांनी पुसायचं, मग चिकटपट्टी लावून ओढायची. पट्टीबरोबर कातडीचा एक पापुद्रा निघतो. मग दुसरी पट्टी, तिसरी. पापुद्रे संपले की खालच्या कातडीच्या बारीक चकत्या. प्रत्येक थर वेगळ्या काचेच्या शिशीत घालायचा, त्यातला रेणू द्रावकात, म्हणजे त्याला विरघळवणाऱ्या द्रवात, उतरवायचा आणि काट्यावर द्यायचा. शिश्या बोटाच्या पेराएवढ्या, परदेशी, एकदा वापरून टाकायच्या. "टाकायच्या?" सुवर्णाला ऐकवेना. तिने मल्हारीला शिकवलं : साबण, गरम पाणी, मग स्पिरिट, मग भट्टीत वाळवायच्या. सर खूश झाले. "अशी काटकसर घरच्या माणसालाच सुचते," म्हणाले. मल्हारीने इतक्या लखलखीत शिश्या धुतल्या की नव्या आणि जुन्या ओळखू येईनात.

आणि मग एके दिवशी काट्याने सांगितलं की रेणू तळापर्यंत पोचला आहे. पापुद्र्यात होता, चकतीत होता, सगळ्यात खालच्या चकतीतही होता. पडद्यावरच्या रेघेचा त्या वजनापाशी टोकदार डोंगर उभा राहिला तेव्हा सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी त्याच दुपारी परदेशात कळवून टाकलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर नवसाबाई वाकड्या बोटांनी शेवंतीच्या पाकळ्या निवडत होती. सुवर्णा तिच्याजवळ बसली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, औषध आत जातंय. मी स्वतः मोजलं."

नवसाबाईने हात थांबवला. "कशाचं औषध? माझ्या हाताचं?"

"तसंच."

"मग वैशाखापत्तर हात मोकळा व्हईल?"

वैशाखात सुवर्णाचं लग्न होतं. सायखेड्याचं स्थळ, मुलगा नाशिकरोडला नोकरीला. पोरगी शिकते शिकते म्हणता म्हणता सव्वीस वर्षांची झाली होती, म्हणून नवसाबाई या लग्नाकडे डोळे लावून बसली होती. हे औषध अजून डुकराच्या कानावर आहे, माणसापर्यंत यायला वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही, हे सुवर्णाने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आईचा चेहरा असा उजळला होता की तिची जीभ उचलली नाही. ती नुसती हसली, आणि नवसाबाईने त्या हसण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. दोन दिवसांनी नवसाबाईने लंकाबाईकडून डझनभर हिरव्या बांगड्या आणवल्या, सव्वादोनच्या, आणि बिस्किटांच्या डब्यात रुमालात गुंडाळून ठेवल्या. "तुझ्या लग्नात मी सव्वादोनचा चुडा भरीन," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली.

महिनाभराने मल्हारीने कोऱ्या कातडीचे नमुने लावले. कोरी म्हणजे जिला औषध लावलेलंच नाही. काटा खरं बोलतो ना, हे तपासायला असे नमुने अधूनमधून द्यावे लागतात. पडद्यावर डोंगर उभा राहिला. लहान होता, पण त्याच वजनाचा, त्याच जागी. सुवर्णाने यंत्र धुतलं, पुन्हा दिले. पुन्हा डोंगर. औषधच न लावलेल्या कातडीत औषध.

दोन दिवस ती यंत्राच्या मागे लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने घरून आणलेली ताकाची बाटली उघडली. हॉर्लिक्सची बाटली. गेल्या वर्षी तिच्यात कैरीचं लोणचं होतं. राखेने घासलेली, उन्हात वाळवलेली, आरपार स्वच्छ. आणि ताकाला लोणच्याचा वास.

हा वास तिला जन्मापासून माहीत होता. लहानपणी ती याच वासाच्या बाटलीतून शाळेत पाणी न्यायची. पण आज ती बाटली हातात धरून बसूनच राहिली. मग उठून तिने धुतलेल्या शिशीत नुसतं स्वच्छ द्रावक घातलं, कातडी नाही, काही नाही, आणि काट्यावर दिलं. डोंगर आला. खोक्याच्या तळाशी उरलेल्या थोड्या कोऱ्या शिश्यांपैकी एकीत तेच द्रावक घातलं. सपाट रेघ.

चिकटायलाच जन्माला घातलेला रेणू तो. जनुकाला मिठी मारणारा काचेला का सोडेल? मल्हारीच्या साबणाला, स्पिरिटला, भट्टीला त्याने दाद दिली नव्हती. खालच्या थरात तो कातडीतून पोचलाच नव्हता, शिशीतच बसून होता.

सुवर्णा सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून ठेवला. "धुऊन वापरा म्हणणारी तू, आणि वा वा म्हणणारा मी," ते म्हणाले. "आजच कळवू. नामुष्की व्हायची ती होऊ दे." त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे सुवर्णाला जास्तच रडू आलं.

मुंबईहून नव्या शिश्या आल्या. सगळं काम पुन्हा केलं. वरच्या पापुद्र्यांत रेणू भरपूर, त्याखाली थोडा, आणि जिथे तो रोग घर करतो त्या खोल थरात जवळजवळ नाहीच. परदेशातल्या मंडळींनी आभार मानले, म्हणाले, बरं झालं कळलं, आता रेणू बदलून बघतो. त्यांचं काम पुढे चाललं. सुवर्णाचं मात्र घरी सांगायचं राहिलं होतं.

नवसाबाई ओट्यावरच होती. सुवर्णाने आंघोळ केली नाही, तशीच समोर जाऊन बसली. "आई, ते औषध आत जात नाही. माझ्या मोजण्यात चूक झाली होती."

"म्हंजी वैशाखापत्तर व्हायचं नाय?"

"नाही. आणि चूक झाली नसती तरी झालं नसतं. ते अजून माणसाला द्यायचं औषध नाहीच. मी तेव्हा बोलले नाही." तिने श्वास घेतला. "ह्या रोगाचं नाव स्क्लेरोडर्मा. त्यात गेलेली कातडी परत मऊ करणारं औषध अजून कुणाकडेच नाही. मी पुस्तकात वाचलंय. कॉलेजात असताना."

नवसाबाईने पाकळ्यांची पाटी बाजूला सारली. "कालेजात व्हतीस तवापासून तुला ठाव हाय?"

"हो."

"आन् मला इचारलं की 'चाललाय शोध'!" तिचा आवाज चिरकला. सुवर्णाने आईला असं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "त्या दवाखान्यानं माझ्या दंडाचा तुकडा काढून नेला. काय घावलं त्यात? एकानं नाय सांगितलं. मी म्हणायचे, ते परके, त्येंना काय. आपली पोरगी शिकतीय, ती सांगंल. अगं, हात माझा! मलाच ठाव नाय, बाकी समद्यांना ठाव!"

सुवर्णाने पाकळ्यांची पाटी उचलून कोपऱ्यात ठेवली.

"आन् ते कातडं डुकराचं असतं, ते बी कळतंय मला," नवसाबाई उठता उठता म्हणाली. "रोज येऊन न्हाणीत कशाला पळायचीस? मी काय खुळी हाय?"

त्या रात्री ती जेवताना बोलली नाही, आणि नंतरचे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. नाना मध्ये पडायला गेले तर त्यांनाही ऐकून घ्यावं लागलं. लग्नाची खरेदी झाली, पत्रिका वाटल्या, मांडवाचे बांबू आले, पण बिस्किटांच्या डब्याचं नाव कुणी काढलं नाही. सुवर्णाला वाटायचं, माझ्या लग्नात आई चुडा न भरताच उभी राहणार, आणि ते माझ्यामुळे.

चुडा भरायच्या दिवशी लंकाबाई आली. आता म्हातारी झाली होती, तिला मुलाने मोटारसायकलवर आणून सोडलं. आयाबाया जमल्या. लंकाबाईने सुवर्णाचा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि मोठ्याने म्हणाली, "बघा गं, सव्वादोन! आईचाच हात हाय."

नवसाबाई आत गेली. पण ती लगेच बाहेर आली, वाकड्या बोटांत बिस्किटांचा डबा कसाबसा धरून. तिने तो लंकाबाईसमोर ठेवला. "ह्याच भर तिला."

हिरव्या बांगड्या एकामागून एक सुवर्णाच्या हातात गेल्या, कुठेही न अडकता. ती रडत होती, पण नवरीचं रडणं म्हणून कुणी काही विचारलं नाही.

चुडा भरून झाला. लंकाबाई टोपलं आवरायला लागली तशी नवसाबाई तिच्यापुढे मांडी घालून बसली आणि आपला ताठलेला, चकाकता हात सगळ्यांदेखत पुढे केला.

"आता मला भर. पावणेतीनच्या काढ."

लंकाबाईने तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं आठवत होतं. "म्हशीच्या शिंगात घालायच्या ना त्या?"

"म्हईस कवाच इकली," नवसाबाई म्हणाली. "भर मुकाट्यानं." मग सुवर्णाकडे वळून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघत, म्हणाली, "काय नाव म्हनलीस गं त्या रोगाचं? पुन्ना एकदा सांग. हळू सांग, मला पाठ करायचंय."

सुवर्णाने नाव सांगितलं. नवसाबाईने ते दोनदा पुटपुटलं, तोवर लंकाबाईने एक हात भरूनही टाकला होता. बांगड्या सैल होत्या. दुसऱ्या दिवशी मांडवात अक्षता टाकायला नवसाबाईने हात वर केला तेव्हा त्या थेट कोपरापर्यंत घसरल्या, आणि सगळ्या बायकांत जास्त आवाज तिच्याच बांगड्यांचा झाला.